चर्चा: आज्जीचं सोवळं आणि बहिणीचा साबण

राजेंद्रनगरकर
परवा इथे एका ज्येष्ठांनी लिहिलं, "हल्ली दोनदा हात धुतले की ओसीडी (तेच तेच करत राहण्याचा मनाचा आजार), आठ दिवस उदास वाटलं की डिप्रेशन. आमची आज्जी जन्मभर सोवळ्यात वावरली, तिला कोणी मनोरुग्ण म्हटलं नाही." खाली नुसतं "अगदी खरं", "अगदी खरं". मला राहवलं नाही. लांबेल, पण वाचा.

माझी धाकटी बहीण नळ धुवायची. हात धुऊन नळ बंद केला की नळाला हात लागला, म्हणून आधी नळाला साबण, मग हात, मग परत नळ. मध्ये कोणी हाक मारली की मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून. इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, आमची टाकी सकाळी नऊला कोरडी. थंडीत बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायचं, आणि रक्त आलं म्हणून परत धुणं. रडत म्हणायची, "दादा, हात स्वच्छ आहेत हे मला कळतं रे, पण थांबता येत नाही."

तीन वर्षं आम्ही काय केलं? आईनं टाकीचा कॉक बंद केला. मी साबण लपवला. ओळखीच्या एका डॉक्टरांनी लग्न करून टाका म्हणून सांगितलं. आणि मावशी म्हणाली, आज्जीच्या वळणावर गेलीय, चांगलंच आहे. त्यात पोरीचं कॉलेज गेलं.

आज्जीचं सोवळं मीही पाहिलंय. धाबळी नेसून स्वयंपाक, नैवेद्य झाला की धाबळी दांडीवर आणि आम्ही पोरं तिच्या मांडीवर. तिचं सोवळं रोज संपायचं. बहिणीचं संपतच नव्हतं. शेवटी ज्यांनी नीट तपासलं त्यांनी एवढंच विचारलं: दिवसातला तासाहून जास्त वेळ यात जातो का, यापायी काय काय सुटलं, आणि तुला हे करायचंय का. गोळ्या, आणि धुवावंसं वाटूनही न धुता बसून राहायचा सराव, दोन्ही मिळून काही महिन्यांनी फरक पडला.

रामबागचे काका
ते लिहिणारा मीच. तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं, पण माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

आमची ही मागच्या पौषात गेली. चाळीस वर्षं सकाळी दोन कप मांडले, अजून दोनच मांडतो. मुलगी पुण्याहून आली, ते बघून गेली, आणि आता रोज फोन: बाबा, कोणाला तरी दाखवा. कप मांडणं हा आजार? अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकात पूर्वी सवलत होती, घरचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा डिप्रेशनचं निदान करायचं नाही. २०१३ मध्ये ती काढली. २०२२ मध्ये लांबलेल्या शोकाचा वेगळा आजारच घातला, मोठ्या माणसाला मुदत बारा महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तोच आजार सहा महिन्यांवर. म्हणजे सातव्या महिन्यात मी एका पुस्तकात आजारी आणि दुसऱ्यात धडधाकट? रक्तातली साखर अशी मोजतात का? आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घरात सण करत नाहीत. त्या वर्षभरात कोणी माणसाला तपासायला नेत नव्हतं.

माहेर ग्वाल्हेर
तुम्ही दोघंही सोवळ्याला किती मायेनं आठवताय! मांडीवर बसणाऱ्या नातवाला ते गोड वाटणारच. माझी आई ग्वाल्हेरच्या जानेवारीत पहाटे ओलेत्यानं पाणी भरायची, कारण सासूबाईंना सुक्या वस्त्राची शिवाशिव चालत नसे. कावळा शिवला की चार दिवस मागच्या खोलीत, ताट लांबून सरकवलेलं. आज्जीचं सोवळं रोज संपायचं म्हणता, आईचे हाल संपायचे का?

वेदपाठी
झालं सुरू. विषय काय, चाललंय काय. सोवळं म्हणजे स्वच्छता होती. कोरोनात बाहेरून आल्यावर आंघोळ आणि कपडे वेगळे, हे सगळ्या जगानं केलं. तेव्हा कोणाला टोचलं नाही.

माहेर ग्वाल्हेर
स्वच्छता होती तर घरातले पुरुष ओलेत्यानं पाणी का भरत नव्हते? एवढं सांगा, मग पुढे बोलू.

वेदपाठी
आमच्याकडे आजोबा मुकटा नेसून पूजा करायचे. तुमच्या घरची कटकट साऱ्या समाजाच्या माथी मारू नका.

माहेर ग्वाल्हेर
पूजा करायचे. पाणी कोण भरायचं? आणि विषयाला धरूनच बोलतेय. माझ्या आत्यानं एक दिवस सगळ्यांसमोर सांगितलं, मी मागच्या खोलीत बसणार नाही. भांडी आपटली, दोन दिवस जेवली नाही. घरच्यांनी ठरवलं, डोकं फिरलंय. तिला पंधरा दिवस भरती करून आणली, गुंगीच्या गोळ्या चालू. त्या घरात पाटाला बोट लागलं म्हणून तीनदा आंघोळ करणारी बाई शहाणी, आणि नाही म्हणणारी वेडी. काका, तुमच्या "पूर्वी मनोरुग्ण नव्हते"मध्ये ही आत्या कुठे बसते?

पलासिया
म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ वाचा. आपल्या समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धर्मश्रद्धेशी माणूस जुळत नाही, एवढ्यावर त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आत्याच्या वेळी हे असतं तर!

वेदपाठी
आत्याबाईंच्या बाबतीत अन्याय झाला, हे मान्य. सोवळं वाईट होतं, हे मान्य नाही.

राजेंद्रनगरकर
ताई, आईबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला कधी सुचलंच नाही. आमच्याकडे आज्जीचं पाणी कोण भरायचं, आठवून बघतोय. आईच भरायची.

काका, मुदतीचा मुद्दा खरा आहे, सहा आणि बारा माणसांनीच ठरवलेत. पण नुसते महिने भरले म्हणून कोणी आजारी ठरत नाही, रोजचं जगणं अडतंय का तेही बघतात. कप राहू द्या. जेवता का? झोप लागते का? तुम्ही रंगपंचमीच्या गेरीचे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचे, फोटो दरवर्षी इथे टाकायचात, यंदा आले नाहीत.

रामबागचे काका
गेरीला गेलो नाही. ती गेल्यापासून राजवाड्याकडे पाय वळत नाही. रात्री दोन-अडीचला जाग येते, मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडतो. जेवण एक वेळचं. हे मुलीला सांगितलेलं नाही, तिला फक्त कप दिसले.

राजेंद्रनगरकर
मग तिला कपांवरून वाद घालू द्या, तुम्ही तिला झोपेचं सांगा. आणि १४४१६ हा टेली मानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्री अडीचलाही लागतो.

रामबागचे काका
नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला. फोन करीन असं म्हणालेलो नाही. कप दोनच राहतील.

माहेर ग्वाल्हेर
राहू देत काका. त्याला कोणी हात लावणार नाही.