दुष्काळानंतर बी वाटायचं, की बी घ्यायला कुपन द्यायचं?

तिफण
कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ही अमेरिकेतल्या बिशपांनी 1943 मध्ये काढलेली, कारितास या जगभरच्या कॅथलिक मदतसंस्थांच्या परिवारातली संस्था. तिने 2000 साली उत्तर युगांडात बी-बाजार आणि कुपनं (गावातच बियाण्याचा बाजार भरवायचा, गरजू घरांना तिथे खरेदीला कुपन द्यायचं) ही पद्धत सुरू केली, मग आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत नेली. माझं मत: बाहेरून आणलेल्या बियाण्याच्या पिशव्या वाटण्यापेक्षा ही पद्धत कधीही बरी.

दुष्काळात बी क्वचितच संपतं, संपतो तो हातातला पैसा. ज्वारीला एकरी चार किलो बी पुरतं. पीक चार आणे आलं तरी तेवढं कुणाच्या ना कुणाच्या कणगीत निघतंच. बाहेरून आणलेली पिशवी मात्र निविदा, जहाज, ट्रक करत पोचते तोवर वाफसा (पेरणीजोगी ओल) निघून गेलेला असतो, आणि आत निघतं एकच वाण.

बी-बाजाराचा क्रम असा: घरांची यादी, विक्रेत्यांची नोंदणी (त्यात गावातल्याच बाया भरपूर), बाजाराच्या दिवशी दारात बी-तपासणी, मग कुपनवाटप. कुपन त्याच दिवशी वापरायचं, विक्रेत्याला हिशेब करून रोख. कुपनं लहान रकमेची हवीत. मोठी एकच चिठ्ठी दिली की सुट्ट्याअभावी माणूस सगळं एकाकडूनच उचलतो, आणि चवळी-तीळ राहूनच जातात.

आडत्या
कागदावर छान आहे. पण बाजारात येतं ते बी नसतं, धान्य असतं. दारात उभा राहिलेला माणूस काय तपासणार? खडे, भुंगा, ओल, फुटके दाणे. उगवणशक्ती डोळ्यांना दिसत नाही.

भावाचंही तेच. गावात किती कुपनं येणार हे विक्रेत्यांना आधी कळतं. चार जण एकत्र बसले की भाव वर. कमाल भाव बांधून दिला तर चांगलं बी घरात राहतं आणि चाळणीखालचं बाजारात येतं. शिवाय ज्वारीचं उदाहरण सोयीचं घेतलंत. भुईमुगाला एकरी 40 किलो दाणे लागतात. कुपनाच्या रकमेत पाव एकरसुद्धा होत नाही.

कोरडवाहू
आडत्या, भुईमुगाचा मुद्दा मान्य. उगवणीचा नाही. तपासणी बाजाराच्या दिवशी करायचीच नसते. नोंदणीच्या वेळी प्रत्येकाच्या पोत्यातून शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळींत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, आठवड्याने मोजा. आपल्याकडे घरच्या सोयाबीनची हीच चाचणी करतात. अडचण एकच, चाचणीचं पोतं आणि बाजारात आलेलं पोतं एकच असायला हवं. म्हणून पोतं तिथल्या तिथे शिवून खूण करायची. हे टाळलं की फसवणूक नक्की.

आणि पिशवीतलं बी निर्धोक असतं असं कोण म्हणतं? थायरम हे बुरशीनाशक चोळलेलं रंगीत बी उपाशी घरात धुऊन शिजवल्याचे प्रकार झालेत. धुतल्याने विष पूर्ण जात नाही. बी वाटायचंच तर सोबत खायचं धान्य द्यायला हवं.

हैतीत जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर बियाण्याची पाहणी झाली, तिथेही हेच निघालं: बाजारात बी होतं, खिशात पैसा नव्हता. शहरातून गावी आलेल्या नातलगांना पोसण्यातच साठा गेला होता.

खोडवा
सगळे दाण्याबद्दलच बोलताय. कसाव्याचं काय? (आपला साबुदाणा याच कंदाचा.) तो बी पेरून लावत नाहीत, खोडाचे वीतभर तुकडे लावतात, मीटर बाय मीटरवर हेक्टरी 10,000. ते काही आठवड्यांत सुकतात आणि रोग सोबत घेऊन येतात. मोझॅक हा रोग पानावर तरी दिसतो. तपकिरी रेषा रोगात पान बऱ्याचदा बरं दिसतं आणि कंद आतून कुजलेला निघतो. असं खोड बाजारात खुलं विकू द्यायचं म्हणजे आपल्याच पैशाने रोग वाटायचा.

याच संस्थेने 2007 ते 2012 मध्ये बुरुंडी, काँगो, केनिया, रवांडा, टांझानिया, युगांडा या सहा देशांत कसावा प्रकल्प चालवला. त्यात रोगप्रतिकारक वाणांची खोडं टप्प्याटप्प्याने वाढवली आणि रोपमळे तपासूनच पुढे दिली. म्हणजे वाटपच केलं की!

हिशेबनीस
माझी शंका वेगळी. यादी कोण करतं? पॅरिशमध्ये (चर्चच्या स्थानिक विभागात) बसून धर्मशिक्षकाने केली तर रविवारी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, येणारी घरं वर येणारच. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेत कारितास आणि ही संस्था दोन्ही सामील आहेत: मदत गरजेनुसार, धर्म बघून नाही. पण संहिता यादी लिहीत नाही.

तिफण
हिशेबनीस, म्हणूनच यादी गावसभेत मोठ्याने वाचायची, हरकतींना दोन-तीन दिवस द्यायचे, मग दहातली एकदोन घरं बाहेरच्या माणसाने जाऊन बघायची. जिथे रस्ता संपतो तिथेही पॅरिश असते, ही जमेची बाजू सोडता येत नाही. फक्त नावं तिने लिहू नयेत.

खोडवा, कसाव्यालाही कुपन चालेल. मात्र ते तपासलेल्या रोपमळेवाल्याकडेच वटवायचं.

खोडवा
मग त्याला बाजार कशाला म्हणता? रेशनचं दुकान म्हणा.