विषाणूंना सजीवांच्या वर्गीकरणात जागा हवी की नको?

रानवाटा:
शास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी, म्हणजे पाच मोठे गट, मांडल्या, त्यांत विषाणूंना जागाच नाही. मला हे पटत नाही. १९३५ मध्ये शास्त्रज्ञ स्टॅनली यांनी तंबाखू मोझॅक विषाणूचे स्फटिक मिळवले, तेव्हापासून ‘हे तर रसायन’ असं अनेकांच्या मनात बसलं. पण तेच स्फटिक पाण्यात विरघळवून तंबाखूच्या पानावर चोळले की निरोगी झाडाला पुन्हा रोग होतो. स्फटिकात असतो तो विषाणूचा नुसता कण, त्याचं जगणं पेशीत सुरू होतं. कणगीतला दाणा पाहून ज्वारीला कुणी निर्जीव म्हणतं का?

शिंपला:
दाण्याची तुलना साफ चुकीची. दाण्यात पेशी असतात, तो मंदपणे का होईना श्वसन करतो. विषाणूच्या कणात चयापचय नाही, प्रथिनं बनवणारे रायबोसोम नाहीत. २००२ मध्ये पोलिओचा विषाणू नुसत्या जनुकीय क्रमावरून प्रयोगशाळेत घडवला गेला, तोही जिवंत पेशीत नव्हे, पेशींच्या अर्कात! याला मी सजीव म्हणणार नाही.

काजवा:
मग क्लॅमिडियाचं काय? यजमान पेशीवाचून तोही वाढत नाही, तरी त्याला आपण जिवाणूच म्हणतो.

शिंपला:
क्लॅमिडियाला स्वतःची पेशी आहे, स्वतःचे रायबोसोम आहेत आणि त्याची वाढ पेशी विभागून होते. विषाणूचा कण पेशीत शिरल्यावर उलगडून त्याचे भाग सुटे होतात, मग यजमानाकडून नवे भाग बनवून घेऊन ते जुळवले जातात. फरक मूलभूत आहे.

रानवाटा:
ही रेघ वाटते तितकी ठळक नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात, अमिबामध्ये, १९९२ मध्ये जे सापडलं ते आकारामुळे जिवाणू समजलं गेलं. तो विषाणू आहे हे २००३ मध्ये जाहीर झालं: मिमिव्हायरस. जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, सुमारे १२ लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा), प्रथिननिर्मितीशी संबंधित काही जनुकंसुद्धा त्यात. २००८ मध्ये तर त्याच्या जवळच्या नातलगाला पोखरणारा स्पुटनिक नावाचा छोटा विषाणू सापडला. स्पुटनिक असला की त्या मोठ्या विषाणूचे कण कमी आणि वेडेवाकडे तयार होतात. ज्याला दुसरा विषाणू आजारी पाडतो, त्याला निर्जीव कसं म्हणायचं?

शिंपला:
स्पुटनिक असो वा मिमि, रायबोसोम अमिबाचेच वापरले जातात. विषाणूंची वेगळी आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समिती आहे, ती त्यांना कुळं-प्रजाती देते, ते योग्यच आहे. पण सगळ्या विषाणूंमध्ये सामाईक असं एकही जनुक नाही. सजीवांच्या वंशवृक्षावर त्यांना नेमकं कुठल्या फांदीवर बसवायचं, ते सांगा.