मदत हवी आहे: जलरंगांचा सराव दहा-बारा दिवसांनी तुटतो, खंडानंतर परत कसं बसावं?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, बँकेत नोकरीला. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, त्यानंतर वीसेक वर्षं ब्रश हातात घेतला नाही. दोन वर्षांपूर्वी परत जलरंग सुरू केले आणि आता ते सुटू नयेत असं फार वाटतं. पण दहा-बारा दिवस नेमाने बसलं की तिमाहीअखेर येते, नाहीतर घरी पाहुणे. मग तीन-तीन आठवडे काही होत नाही.

आधी वाटायचं वेळच नाही. नीट पाहिलं तर जेवणाचं टेबल आवरणं, बोर्ड काढणं, कागदाला टेप लावणं यातच वीस मिनिटं जात होती. दिवाळीनंतर खिडकीपाशी एक लहान टेबल कायमचं मांडलं. ट्यूबमधले रंग पॅलेटच्या खणांत वाळवून ठेवले, ओला ब्रश फिरवला की सुटतात. चहाचं आधण ठेवलं की रंगाचं पाणी भरायचं, एवढं ठरवलं. यानं खरंच फरक पडला, सकाळचा अर्धा तास मिळायला लागला.

कागदाचंही तसंच. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद महाग, त्यावर हात आखडतो. वाया जाईल या भीतीनं मी अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये (पाणीदार रंगाच्या थरात) परत ब्रश घालते, पाणी पसरतं आणि वेड्यावाकड्या कडा उठतात. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर करून पाहिलं, तो फुगतो आणि वॉश शिकता येत नाही. आता २२ बाय ३० इंची शीटचे सोळा तुकडे करते. लहान तुकड्याची भीती वाटत नाही.

विषय शोधण्यात सकाळ जायची. चित्रकार आबालाल रहिमान इथल्या कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून तिथली चित्रं पुन्हा पुन्हा करत, हे आठवलं आणि मीही एक जागा धरली: समोरचा शेवगा आणि त्यामागची भिंत. रंग तीनच, अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). भिंत सकाळी सातला निळसर राखाडी असते, साडेसातला ऊन आलं की तिच्या वरच्या कडेला नुसता ऑकर पुरतो. हे मला आधी कधी दिसलंच नव्हतं.

अडतं ते खंडानंतर. पहिल्याच दिवशी मी पूर्ण चित्राला बसते, हात बसलेला नसतो, चित्र बिघडतं आणि दुसऱ्या दिवशी टेबलाकडे जाववत नाही. तुम्ही त्या दिवशी काय करता? नुसते वॉश टाकता, पेन्सिलनं रेखाटता, की जुनंच चित्र परत काढता? आणि कामाच्या गर्दीच्या दिवसांत अगदी पाच मिनिटांचं काय करता, ज्यानं हात चालू राहील? गाण्याचा, तबल्याचा रियाज नोकरी करून सांभाळणाऱ्यांनीही सांगा.

मार्चअखेर जवळ आली आहे, त्याआधी काहीतरी ठरवून ठेवायचं आहे.