परावर्ती दुर्बीण फोकस होत नाहीये, ताऱ्याऐवजी बांगडी दिसते - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आठवडाभर झगडून झालं, आता शरण आले आहे. मुलासाठी (खरं तर त्याचं निमित्त करून स्वतःसाठी) ११४ मिमी व्यासाच्या आरशाची न्यूटोनियन (भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी) दुर्बीण घेतली. नाभीय अंतर (आरशापासून ताऱ्याची प्रतिमा जिथे पडते तिथपर्यंतचं) ९०० मिमी. सोबत २५, १० आणि ४ मिमीच्या नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) आणि ३ पटीची बार्लो (प्रतिमा आणखी मोठी करणारं जोडभिंग).

दिवसा सगळं झकास. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, असेल तीस मीटरवर, तिच्यावरच्या गंजाचे पापुद्रे मोजता आले. रात्री तीच दुर्बीण ताऱ्याकडे वळवली तर ठिपका नाहीच. मोठी फिकट बांगडी, मधोमध काळा गोल, त्या गोलापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक काळ्या रेघा. चंद्र म्हणजे दुधाळ गोळा, एक विवर दिसेल तर शपथ. १० मिमी लावली की बांगडी आणखी मोठी आणि पुसट. ४ मिमी आणि बार्लो एकत्र लावली तर नुसता अंधार. फोकसचं चाक दोन्हीकडे फिरवून पाहिलं, काही फरक पडत नाही.

मला उणे तीनचा चष्मा आहे. आणि एक कबुली: आरशाच्या मागे सहा स्क्रू आहेत, त्यातला एक मी पाव फेरा फिरवला आहे. रागवू नका.

आरसा फुटका आला असेल का? तो काळा गोल कसला? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

मध्ये काळा डाग म्हणजे आरशाचा लेप उडालाय. सरळ परत करा, वेळ घालवू नका.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्यावर कृपया जाऊ नका. तो काळा गोल म्हणजे दुर्बिणीच्या तोंडाशी बसवलेल्या, प्रकाश नेत्रिकेकडे वळवणाऱ्या दुय्यम आरशाची सावली, आणि रेघा म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची. फोकस चुकला की प्रत्येक न्यूटोनियनमध्ये हे असंच दिसतं, लाखमोलाच्या दुर्बिणीतही. लेप उडाला असता तर प्रतिमा थोडी मंद झाली असती, बांगडी झाली नसती.

उलट ही बांगडी तुमची वाटाड्या आहे. चाक फिरवताना ती लहान होत गेली तर दिशा बरोबर, मोठी होत गेली तर उलटं फिरवा. लहान होत होत एका जागी तिचा ठिपका होतो. तोच फोकस.

पण तुम्ही म्हणता फरकच पडत नाही. हे मला खटकतंय. चाक फिरताना नेत्रिकेची नळी खरंच आत-बाहेर होते का? डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, फूटपट्टी लावून मोजा आणि आकडा इथे लिहा.

प्रतिसाद ३

टाकी आणि तारा यांतला फरक लक्षात घ्या. वस्तू जितकी जवळ, तितकी तिची प्रतिमा मुख्य आरशापासून लांब पडते, म्हणजे नेत्रिकेची नळी तितकी बाहेर काढावी लागते. हिशोब सोपा आहे: नाभीय अंतराचा वर्ग भागिले वस्तूचं अंतर. ९०० गुणिले ९०० भागिले तीस हजार मिमी, म्हणजे २७ मिमी. टाकीवर लावलेला फोकस ताऱ्यासाठी जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर आत न्यावा लागेल! हेच एक किलोमीटरवरच्या मनोऱ्यावर लावला असता तर फरक एक मिलिमीटरही नसता. दिवसा सराव करायचाच तर शक्य तितक्या लांबच्या वस्तूवर करा. (आणि दुर्बिणीचं तोंड चुकूनही सूर्याकडे जाऊ देऊ नका. मूल सोबत आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.)

प्रतिसाद ४

ती बार्लो आणि ४ मिमीची नेत्रिका तूर्त कपाटात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. ९०० ला ४ ने भागा, बार्लोमुळे तिप्पट करा: ६७५ पट मोठं. ११४ मिमीच्या आरशाला उत्तम हवेतही मिमीमध्ये जितका व्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे सव्वादोनशे पट, ही कमाल मर्यादा. त्यापुढे प्रतिमा मोठी होते पण तपशील वाढत नाही, आणि उजेड इतका पातळ पसरतो की अंधारच दिसणार. खोक्यावर मोठा आकडा छापायला बरा वाटतो, बाकी त्याचा उपयोग नाही.

सुरुवात नेहमी २५ मिमीने, ३६ पट. चंद्र मावतो, शोधणं सोपं. चंद्रावर फोकस जमला की मगच १० मिमी. नेत्रिका बदलली की फोकसही थोडा बदलतो, तेव्हा पुन्हा लावायला लागला तर घाबरू नका.

धागाकर्ती

फूटपट्टी लावली. नळी ४९ मिमी बाहेर. चाक फिरवलं. ४९. उलटं फिरवलं. ४९!!

आता हसा. फोकसरच्या (चाक आणि नेत्रिकेची नळी असलेल्या भागाच्या) खाली एक छोटा स्क्रू आहे. टाकी इतकी छान दिसली म्हणून "हलू नये" या सद्हेतूने मीच तो दिवसा घट्ट पिळला होता. चाक नुसतं घसरत होतं. सैल केल्यावर नळी लोण्यासारखी आत गेली. आज ढग आहेत, रात्रीचं उद्या कळेल.

आणि चष्म्याचं काय? लावून बघू की काढून?

प्रतिसाद २

हा हा! मी पण पहिल्या महिन्यात तेच केलं होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

उणे तीन असेल तर चष्मा काढून बघा. फोकसर ते भरून काढतो, २५ मिमीच्या नेत्रिकेला नळी दोनेक मिलिमीटर आत न्यावी लागते इतकंच. मात्र तुमचा फोकस मुलाला जुळणार नाही, त्याला त्याचा लावू द्या. तुमच्या नंबरात सिलिंड्रिकल (तिरपा नंबर) भाग मोठा असेल तर तो फोकसने जात नाही, तेव्हा मग चष्मा ठेवा.

फिरवलेल्या स्क्रूचं: तारा दृश्याच्या मधोमध आणा, फोकस मुद्दाम थोडा घालवा आणि बांगडी बघा. काळा गोल मधोमध असेल तर आरसे नीट आहेत, काही करू नका. एका बाजूला सरकलेला असेल तर आरशांची जुळवणी बिघडली आहे, तो स्क्रू पाव फेरा परत फिरवून पुन्हा बघा. आणि आरसा पुसायचा मोह आवरा. धुळीने जितकं बिघडत नाही तितकं फडक्याने बिघडतं.

धागाकर्ती

दिसला! चंद्र दिसला! उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं अशी कोरल्यासारखी, की मुलगा दुर्बीण सोडेना. नळी २१ मिमीवर आहे, म्हणजे २८ आत गेली. हिशोब २७ सांगत होता. तीस मीटर मी नजरेनेच ठरवलं होतं, तेव्हा एक मिलिमीटर माफ.

काळा गोल डावीकडे सरकलेला होता. स्क्रू परत फिरवला, मधोमध आला. गुरूही पाहिला, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले ते चार चंद्र एका रेषेत.

एकच तक्रार उरली. १० मिमीने गुरू पाण्याखाली ठेवल्यासारखा थरथरतो, आणि नेमका फोकस हाताला लागतच नाही. अलीकडे किंवा पलीकडे.

प्रतिसाद ३

थरथर दोन कारणांनी. दुर्बीण घरातून आणल्या आणल्या बघत असाल तर आरसा हवेपेक्षा गरम असतो आणि दुर्बिणीच्या नळीत गरम हवा उसळत राहते. अर्धा तास आधी गच्चीवर ठेवा. दुसरं, गुरू क्षितिजाजवळ असेल तर त्याचा प्रकाश जाड हवेतून येतो, वर चढू द्या.

फोकस निसटतो कारण नेमकी जागा तुमच्या दुर्बिणीत एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच आहे. चाकाला साधा कपड्याचा चिमटा लावा आणि बोटाने चिमट्याचं टोक ढकला. चाक छोटं, चिमटा लांब, त्यामुळे हात खूप सरकला तरी चाक जेमतेम फिरतं. दुर्बीणही कमी हलते.

धागाकर्ती

चिमटा लावला. गुरूवर दोन पट्टे आहेत!