'बॅटिंग ऑलराउंडर'ला मराठीत काय म्हणावं?

आनंदवल्लीकर: आठवडाभर एका शब्दापाशी अडले आहे. मुलांच्या एका मासिकासाठी दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटपटू जॅक कॅलिस याच्या कारकिर्दीवरचा इंग्रजी लेख मराठीत करतेय. पहिल्याच ओळीत त्याला 'बॅटिंग ऑलराउंडर' म्हटलंय. मी 'फलंदाज-अष्टपैलू' लिहिलं. संपादकांकडून कागद परत आला तो 'फलंदाज' लाल पेन्सिलीने खोडून. समासात लिहिलं होतं, 'अष्टपैलूत फलंदाज आलाच की.'

तर्काने त्यांचं बरोबर आहे. आठही बाजूंनी झळकणाऱ्याला 'हा त्यातल्या त्यात या बाजूचा' कसं म्हणायचं? पण नुसतं अष्टपैलू ठेवलं तर कॅलिस कळत नाही. १६६ कसोटी, १३,२८९ धावा, ४५ शतकं, सरासरी ५५.३७. एवढ्यावरच तो थोर फलंदाजांच्या पंगतीत बसतो. त्यावर २९२ बळी आणि २०० झेल. आता कपिल देव घ्या. १३१ कसोटी, ५,२४८ धावा, ४३४ बळी. दोघांनाही आपण अष्टपैलूच म्हणतो. एक जण बॅट घेऊन संघात शिरला, दुसरा चेंडू घेऊन. इंग्रजीत हा फरक एका विशेषणावर भागतो. मराठीत काय करायचं? 'फलंदाजीप्रधान अष्टपैलू' लिहून पाहिलं, पण दहा वर्षांचं पोर तिथेच मासिक मिटेल.

गोल्फक्लब नेट्स: ताई, मी पोरांना क्रिकेट शिकवतो, भाषेतलं मला फार कळत नाही. पण हा प्रश्न माझ्यापुढे दर उन्हाळ्यात येतो. आमच्या शिबिराच्या फॉर्मवर चार चौकोन असतात: बॅट्समन, बॉलर, कीपर, ऑलराउंडर. बहुतेक पोरं शेवटच्या चौकोनात खूण करतात. मग मी फॉर्म बाजूला ठेवतो आणि विचारतो, 'आधी काय?' मागच्या वर्षी एक पोरगा सिन्नरहून पहिल्या एसटीने यायचा. पॅड घरूनच बांधून आलेला, हातात शिवण उसवलेला बॉल. म्हणाला, 'सर, आधी बॅटिंग. बॉलिंग तुम्ही सांगाल तेव्हा.' तुमचा कॅलिस हाच की. नेट्सवर आम्ही 'आधी बॅटिंगचा' म्हणतो आणि सगळ्यांना समजतं.

आनंदवल्लीकर: सर, 'सांगाल तेव्हा' हे मी वहीत उतरवून घेतलं. कॅलिसची अख्खी गोलंदाजी या दोन शब्दांत बसते.

भगूरचा वाचक: नेट्सवर काय बोलतात हा भाषेचा निकष होऊ शकत नाही. तिथे 'बॅटिंग', 'बॉलिंग', 'कीपर' सगळंच चालतं, म्हणून ते मासिकात छापायचं का? मुलांच्या हाती जाणारं मराठी निवडून, पाखडून गेलं पाहिजे. सावरकर आमच्या गावचे. त्यांनी 'दिनांक' दिला, 'महापौर' दिला. त्या काळी लोक हसले असतील, आज ते शब्द कुणालाही परके वाटत नाहीत. सर, तुम्ही ज्या मैदानावर शिकवता त्याच्या नावातला 'हुतात्मा'ही त्यांच्याच शब्दांत मोजतात. 'अष्टपैलू' हा शुद्ध, भारदस्त मराठी शब्द आहे, त्याला कशाची ठिगळं लावू नका.

गोल्फक्लब नेट्स: हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे नाव मी मानाने घेतो. पण रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' सांगितल्याशिवाय तो नेत नाही. दोन्ही नावं आमचीच आहेत.

जुनी मोडी: भगूरकर, 'अष्टपैलू' शुद्ध कसा? 'अष्ट' संस्कृत आणि 'पैलू' फारसी. मूळ शब्द 'पहलू', म्हणजे बाजू, कूस. हिंदीत तो अजून 'पहलू'च आहे, आपण 'ह' गिळला. म्हणजे तुमच्या शुद्ध शब्दाचं अर्धं अंग इराणातून आलंय. मला त्यात कमीपणा वाटत नाही. संस्कृत आणि फारसी एका शब्दात इतक्या बेमालूम नांदतात की भाषाशुद्धीवाल्यालाही शिवण दिसत नाही, हे मराठीचं मोठेपण आहे.

नाशिकरोड ६२: 'पैलू' आणि 'पैलवान' एकच ना? आमच्या तालमीतले वस्ताद सांगायचे, जो सगळ्या बाजूंनी लढतो तो पैलवान. मग अष्टपैलू म्हणजे आठ पैलवानांच्या ताकदीचा.

जुनी मोडी: नाही. 'पहलवान' फारसीच, पण शब्द वेगळा. कानाला जवळचे वाटतात एवढंच.

नाशिकरोड ६२: वस्तादांनी चाळीस वर्षं तालीम चालवली. त्यांनी सांगितलेलं मी एका ओळीवर सोडणार नाही. पण असो.

सराफ बाजार: आमची तिसरी पिढी पेढीवर आहे. पैलू हा आमच्या रोजच्या तोंडातला शब्द. 'सिंगल कट' हिरा भिंगाखाली धरा. मधे सपाट माथा, त्याच्याभोवती वर आठ पैलू, खाली आठ. जुन्या दागिन्यांतले बारीक हिरे पुष्कळदा असेच. आजोबा मला खिडकीपाशी नेऊन चिमट्यात खडा फिरवायला लावायचे आणि मोजायला सांगायचे. सातच मोजले तर पुन्हा. म्हणून माझं मत पक्कं आहे, 'अष्टपैलू' हिऱ्यावरूनच आला. आणि आनंदवल्लीकर ताई, तुमच्या संपादकांच्या तर्काला उत्तरही इथेच आहे. आठ पैलू असले तरी सगळे एका वेळी चमकत नाहीत. उजेडाकडे असेल तोच पेटतो. कॅलिसचा फलंदाजीचा पैलू उजेडाकडे होता.

जुनी मोडी: चित्र सुंदर आहे, व्युत्पत्ती म्हणून पटत नाही. 'अष्ट' आपल्याकडे मोजणीपुरता नसतो. अष्टौप्रहर म्हणजे सदासर्वकाळ, अष्टदिशा म्हणजे सगळीकडे. तसा अष्टपैलू म्हणजे सर्व बाजूंनी. त्यासाठी हिरा लागत नाही.

सराफ बाजार: मग 'पैलू पाडणे' कुठून आलं? दिशेला पैलू पाडतात का?

सिडको डावखुरा: मला हिरा आणि दिशा दोन्ही मान्य, पण खेळाडू मोजायचे तर आठ बाजू भरतात फक्त वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सच्या. फलंदाजी एक (८,०३२ धावा, नाबाद ३६५). डावखुरी जलद-मध्यम गोलंदाजी दोन. डावखुरी पारंपरिक फिरकी तीन. मनगटी फिरकी चार. जवळचे झेल पाच, १०९ घेतले. कर्णधारपद सहा. उरलेल्या दोन ज्याला सुचतील त्याने भराव्यात. बाकी बहुतेकांना आपण उदारपणे अष्टपैलू म्हणतो. हल्ली वीस चेंडूंत तीस धावा आणि दोन षटकं टाकणाराही वर्तमानपत्रात अष्टपैलू. त्याला आपली जुनी म्हण आहे, एक ना धड भाराभर चिंध्या.

आनंदवल्लीकर: हेच तर. कामचलाऊ गोलंदाजाला 'कामचलाऊ' म्हणायला आपण कचरत नाही, मग वरच्या टोकाला शब्द का अपुरे पडतात? 'हरहुन्नरी'चाही विचार केला. पण हरहुन्नरी म्हटलं की मला आमच्या वाड्यातले काका आठवतात. पेटी वाजवायचे, गणपती रंगवायचे, स्टोव्हची पिन काढायचे. प्रेमाचा शब्द आहे, पण त्यात कॅलिसचं वजन नाही. १९९७ साली मेलबर्नला सामना वाचवताना तो दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडून बसला आणि त्याचं पहिलं कसोटी शतक झालं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. २०१३ च्या डिसेंबरात डर्बनला, भारताविरुद्धच्या शेवटच्या कसोटीतही शतकच. कसोटी आणि एकदिवसीय दोन्हींत दहा हजारांहून जास्त धावा आणि अडीचशेहून जास्त बळी घेणारा हा एकच. हे सगळं शांतपणे, गाजावाजा न करता. हरहुन्नरी माणूस इतका शांत नसतो.

देवळाली कॅम्प: मी 'गोलंदाज'वर बोलते. माझे वडील तोफखान्यात होते, आमचं बालपण देवळालीत गेलं. सरावाच्या दिवशी खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. आजी गावाहून आली की आवाज ऐकून म्हणायची, 'गोलंदाज लागले कामाला.' तिला गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा, एवढंच माहीत. १९८३ ला भाऊ रेडिओ कानाला लावून 'कपिल गोलंदाजीला आला' म्हणाला, तर आजी देवापुढचं निरांजन सोडून बाहेर आली आणि विचारलं, 'लढाई लागली का रे?' तिचा अर्थ जुना आणि खरा होता. पेशव्यांच्या फौजेतही गोलंदाज होतेच. आपण मुलांना हे सांगतच नाही.

जुनी मोडी: फार मोलाचं सांगितलंत. 'अंदाज' म्हणजे फेकणारा, टाकणारा. तीर टाकतो तो तिरंदाज, गोळा टाकतो तो गोलंदाज. क्रिकेट आलं तेव्हा चेंडू टाकणाऱ्यासाठी शब्द तयारच होता.

भगूरचा वाचक: मग त्याच हिशोबाने 'फलंदाज' म्हणजे फळी फेकणारा झाला. ही तर सरळ चूक आहे. बॅट फेकली तर पंच समज देतील. गोलंदाजाच्या तालावर कुणीतरी जोडून दिलेला शब्द आपण इतकी वर्षं वापरतोय.

सिडको डावखुरा: 'अंदाज' म्हणजे अदमासही होतो की. चेंडूचा अंदाज घेऊन फळी लावतो तो फलंदाज. मला शाळेत असंच सांगितलं होतं.

जुनी मोडी: तो मागाहून लावलेला अर्थ. ताल जुळला म्हणून शब्द रुजला, त्याला दुसरं कारण लागत नाही. आणि रुजलेला शब्द चूक नसतो.

भगूरचा वाचक: रुजलं म्हणून बरोबर, हे मान्य केलं तर गाजरगवतही पीक ठरेल.

आनंदवल्लीकर: मंडळी, उद्या संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय. सध्या असं लिहिलंय: 'कॅलिस अष्टपैलू होता, पण आधी फलंदाज. गोलंदाजी कर्णधार सांगेल तेव्हा.' एका विशेषणाची दोन वाक्यं झाली. चालेल का?

गोल्फक्लब नेट्स: चालेल काय, ताई, पळेल.

सराफ बाजार: 'आधी' ऐवजी 'मुळात' पाहा.

भगूरचा वाचक: 'मुळात' उत्तम. मात्र 'फलंदाज' हा शब्द मला आता खटकायला लागलाय.

देवळाली कॅम्प: फळीवरून आठवलं, बॅट मिळायच्या आधी तुम्ही सगळे कशाने खेळायचात? आमच्याकडे दारूगोळ्याच्या खोक्याचं फळकूट असायचं, त्याला आम्ही 'फळी'च म्हणायचो.

नाशिकरोड ६२: आमच्याकडे 'फळकूट'.

सराफ बाजार: गोदाघाटावर धोपटणं. आईचं कपडे धुवायचं. दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे, पाणी उतरलं की खेळायचो. एकदा ते माझ्या हातून सुटून नदीत गेलं होतं.

जुनी मोडी: भगूरकर, वाचलंत ना? फळी फेकणारा सापडला.