‘भरती’ : एक शब्द की दोन?

वाशीच्या आमच्या कार्यालयात गेल्या पावसाळ्यात सूचनाफलकावर एक ओळ लिहिलेली होती : ‘उद्या मोठी भरती, खाडीकाठचा रस्ता टाळावा.’ मूळचे अमरावतीचे असलेले एक सहकारी ती वाचून थांबले आणि त्यांनी विचारले, “कोणत्या खात्याची?” त्यांच्याकडे भरती म्हणजे पोलिसांची किंवा तलाठ्यांची; शिवाय आजारी माणसालाही तिकडे दवाखान्यात भरती करतात. समुद्राची भरती त्यांनी भूगोलाच्या पुस्तकात वाचली होती, पण ती रस्ता अडवते हे ध्यानात यायला नवी मुंबईत राहावे लागते. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा होता : हे दोन वेगळे शब्द आहेत, की एकच?

शब्द एकच आहे. ‘गळणे’वरून गळती आणि ‘गणणे’वरून गणती, तशी ‘भरणे’वरून भरती. मागे संस्कृत ‘भृ’ हा धातू असून धारण करणे, पोसणे आणि भरणे हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. भार, भर्ता, भरण-पोषण हे सगळे त्याच घरातले. भृत्य म्हणजे ज्याला पोसायचे तो, म्हणून चाकर. एवढ्यावरून नोकरभरतीचा संबंध थेट भृत्याशी जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. नोकरभरती आली ती रिकाम्या जागा भरण्यावरून.

समुद्राचा अर्थ मात्र किनाऱ्यावरचा आहे. गुजरातीतही भरती म्हणजे समुद्राची आणि नोकरीचीही. हिंदीत ‘भर्ती’ नोकरीची आणि रुग्णालयाची असते, समुद्रासाठी तेथे ‘ज्वार’ हा वेगळाच शब्द आहे. कोकणात ओहोटीला ‘सुकती’ म्हणतात, आणि ‘भरती-सुकती’ ही जोडी मला ‘भरती-ओहोटी’पेक्षा अधिक बोलकी वाटते, कारण तीत पाण्यापेक्षा खाडीकडे पाहिलेले आहे : खाडी भरते, खाडी सुकते. ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला निघणाऱ्या बोटी भरतीच्या वेळा धरूनच सुटतात, त्याचे कारणही हेच आहे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. पावसाळ्यात ४.५ मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवशी मुंबई परिसरात सावध राहायला सांगतात (ही उंची रस्त्यापासून मोजलेली नसते, हे अनेकांना सांगावे लागते). भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत शिरू नये म्हणून नवी मुंबईत धारण तलावांची दारे बंद असतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की बाहेर सोडले जाते. ‘धारण’ हा ‘भृ’चाच एक अर्थ, हा योगायोग मला फार आवडतो.

विज्ञानाच्या लेखनात या शब्दाची एक अडचण होते. चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे पाणी एका ठिकाणी चढते आणि दुसऱ्या ठिकाणी उतरते. तरीही ‘भरतीचे बल’ असे लिहिले जाते. तेथे ‘भरती-ओहोटीचे बल’ असा प्रयोग लांबलचक असला तरी अधिक नेमका ठरतो.

मातीच्या कामात ‘भराव’ आणि ‘भरणी’ हे शब्द रूढ झाल्याने भरती तेथून जवळजवळ उठली आहे. साहित्यात मात्र ‘भरतीचे शब्द’ हा दोषच मानला जातो. संस्कृत श्लोकात च, वै, तु, हि घालून चरण पुरा करण्याला निदान ‘पादपूरण’ असे भारदस्त नाव तरी आहे. रिकामी जागा नसताना भरले म्हणजे ती भरती वाईट, असा या अर्थामागचा न्याय दिसतो.

अर्थ ओळखण्याची किल्ली माझ्या मते क्रियापदात आहे. समुद्राला भरती येते, खात्याची भरती निघते, माणूस सैन्यात भरती होतो. यांतल्या तिसऱ्या प्रयोगात गंमत अशी, की मुळात भरायची ती जागा, पण भरती झाला तो माणूस. भांड्याचा शब्द आतल्या वस्तूला लागला. रुग्णालयाचा प्रयोगही याच वाटेने आलेला आहे, त्यामुळे आम्ही ठाण्याकडची मंडळी ‘दाखल’ किंवा ‘ॲडमिट’ म्हणतो म्हणून अमरावतीकरांची भरती चुकीची ठरत नाही. उलट ‘आनंदाला भरती आली’ असे म्हटले की क्रियापदावरूनच ती समुद्राकडची आहे हे कळते. आनंदाची भरती कोणी काढत नाही.

फलकावरच्या ओळीत नेमके क्रियापदच गाळलेले होते. सहकाऱ्यांनी खडू घेऊन ‘मोठी भरती’च्या पुढे ‘येणार’ एवढे लिहिले.