मूळ वादक गेल्यावर त्याचा सोलो नव्या वादकाने कसा वाजवावा?

सहातारी

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे ‘हायवे स्टार’ हे गाणे मी गेले काही आठवडे त्याच्या तीन वेगवेगळ्या गिटारवादकांच्या मैफिलींतून ऐकत आहे. मूळ वादक रिची ब्लॅकमोर, आणि त्याच्यानंतर आलेले टॉमी बोलिन व स्टीव्ह मॉर्स हे ते तिघे. ऐकताना माझ्या मनाची एक विसंगती मला जाणवली. मॉर्सने एखादी स्वरावली बदलली की मला खटकते आणि बोलिनने जवळपास सगळेच बदलले की मी अस्वस्थ होतो, मात्र ‘मेड इन जपान’ या मैफिलीच्या अल्बममध्ये स्वतः ब्लॅकमोरने केलेले बदल मी आनंदाने ऐकतो. जुन्या वादकाचा सोलो (गाण्यात एकट्या गिटारला मिळालेला भाग) जसाच्या तसा वाजवणे हे नव्या वादकाचे कर्तव्य आहे, की ही केवळ माझ्या कानांची सवय आहे? या बँडला अनेक वर्षे ऐकणाऱ्यांचे मत मला समजून घ्यायचे आहे.

मंद्र

सगळ्या सोलोंना एकच नियम लावल्यामुळे तुमची अडचण होत आहे, असे मला वाटते. ‘हायवे स्टार’चा सोलो ध्वनिमुद्रणाच्या वेळी सहज सुचलेला नाही. ब्लॅकमोरने तो आधी बसून स्वर न् स्वर ठरवून बांधला होता. डी मायनर, जी मायनर, सी आणि ए या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या) क्रमावर तो उभा आहे आणि हा क्रम आपण जर्मन संगीतकार बाखच्या वळणाचा घेतला, असे ब्लॅकमोरने स्वतः सांगितले आहे. शिवाय ‘मशीन हेड’ या 1972 च्या अल्बमवर त्यातील वेगवान भागात गिटारचे दोन थर एकमेकांच्या सुसंवादात वाजतात. असा सोलो गाण्याच्या शब्दांइतकाच गाण्याचा भाग असतो आणि तो बदलणाऱ्याने त्याच तोलामोलाचे काही द्यायला हवे. याउलट त्याच अल्बमवरचे ‘लेझी’ हे मोकळेपणाने फुलवण्यासाठीच केलेले गाणे आहे. तिथे जुन्या वादकाची नक्कल करणे हाच मला गाण्यावरचा अन्याय वाटतो.

निष्ठेचीच अपेक्षा करायची असेल, तर मी ती सोलोच्याही आधी रिफच्या, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या चालीच्या, बाबतीत करीन. डीप पर्पलच्याच ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ दोन-दोन स्वरांच्या जोड्यांची आहे, त्या जोड्यांमध्ये चौथ्या स्वराचे अंतर आहे, आणि ब्लॅकमोर दोन्ही तारा पिकने (तारा छेडण्याच्या छोट्या पत्रीने) न छेडता बोटांनी एकाच क्षणी ओढतो. पिक वरून खाली नेला की एक तार दुसरीच्या किंचित आधी वाजते आणि त्या रिफचा ठाशीवपणा कमी होतो. पुष्कळ जण ती जाड पॉवर कॉर्डनी (मूळ स्वर आणि त्याचा पाचवा स्वर एकत्र) वाजवतात. त्याने आवाज भरदार होतो, पण तिचा मूळ रंग नाहीसा होतो. माझ्या दृष्टीने हा बदल सोलो बदलण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

धूसर सूर

मंद्र यांचे विवेचन मला पटले, पण बोलिनविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या बँडच्या इतिहासात त्याच्याइतका अन्याय दुसऱ्या कोणत्याही गिटारवादकाच्या वाट्याला आलेला नाही. बँडचे संगीत फंक आणि सोल या शैलींकडे झुकू लागले, ते ब्लॅकमोरला रुचले नाही आणि 1975 मध्ये तो बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला बोलिन नवखा नव्हता. ड्रमवादक बिली कॉबमच्या ‘स्पेक्ट्रम’ या 1973 च्या अल्बमवर त्याने जॅझ-रॉक गिटारचा नमुनाच घालून दिला होता आणि जेम्स गँग या रॉक बँडमध्ये, जिथे पूर्वी जो वॉल्श वाजवत असे, तिथेही त्याने काम केले होते. डीप पर्पलच्या त्याच्यासोबतच्या ‘कम टेस्ट द बँड’ या अल्बममधील बहुतेक गाण्यांच्या रचनेत त्याचा वाटा आहे. ‘गेटिंग टायटर’ ऐकावे, म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. तालाच्या फटींमध्ये शिरून, मोजके स्वर घेऊन तो वाजवतो.

मैफिलीत मात्र श्रोते त्याच्याकडे ब्लॅकमोरच मागत राहिले. डिसेंबर 1975 च्या जपान दौऱ्यात त्याच्या डाव्या हाताला त्रास होता आणि त्याच दौऱ्याचे ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झाल्यामुळे अनेकांचे त्याच्याविषयीचे मत त्यावरूनच बनले. मार्च 1976 मध्ये बँड संपला आणि 4 डिसेंबर 1976 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बोलिनचे निधन झाले. ‘हायवे स्टार’वरून त्याची परीक्षा घेणे मला मनापासून चुकीचे वाटते.

तालवेडा

एक आकडा सांगतो. ब्लॅकमोरचे दोन्ही कालखंड, म्हणजे 1968 ते 1975 आणि 1984 ते 1993, एकत्र केले तरी ते सुमारे सोळा वर्षे होतात, आणि मॉर्स 1994 पासून 2022 पर्यंत या बँडमध्ये होता. ब्लॅकमोर गेल्यावर आणि मॉर्स येण्यापूर्वी गिटारवादक जो सॅट्रियानीने दौरे पार पाडले, पण तो कायम राहिला नाही. इतकी वर्षे वाजवणाऱ्या माणसाला ‘नवा’ म्हणत राहणे योग्य नाही. ब्लॅकमोर स्वर ओढतो, घसरवतो, कधी मुद्दाम रोखून धरतो. मॉर्स जलद तानेतला जवळपास प्रत्येक स्वर पिकने स्वतंत्र छेडतो. त्यामुळे स्वर तेच असले तरी त्याच्या हातून ते अधिक रेखीव ऐकू येतात. तुम्हाला जे खटकते ते कदाचित स्वर बदलल्यामुळे नसून हा आघात बदलल्यामुळे असेल. त्याला त्याच्या स्वतःच्या रचनेत ऐका, विशेषतः 1996 च्या ‘पर्पेंडिक्युलर’वरील ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’मध्ये.

आणि ड्रमवादक इयान पेसला विसरू नका. सुरुवातीपासून प्रत्येक संचात असलेला तो एकमेव वादक आहे. त्याच्या ड्रमवादनातली झुलती लय खाली असते, म्हणूनच वरचा गिटारवादक कोणीही असला तरी बँड ओळखू येतो.

सहातारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंद्र यांचे वाचून ‘मेड इन जपान’ पुन्हा लक्ष देऊन ऐकले. ब्लॅकमोर सोलोची सुरुवात मोकळेपणाने बदलतो, पण बांधलेल्या वेगवान भागापाशी येताच तो मूळ चाल धरतो. हे इतकी वर्षे माझ्या लक्षात आले नव्हते. आज रात्री ‘कम टेस्ट द बँड’ प्रथमच सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणार आहे.